आधी विचारा, मग पाना लावा

गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बलाचे परिबल, घर्षण, स्थिर आणि अस्थिर समतोल, उष्णतेने होणारे प्रसरण हे धडे मी फळ्यावर इतक्या वेळा मांडले आहेत की झोपेतून उठवले तरी मांडून दाखवीन. अशा माणसाची एका रविवारी एका गंजलेल्या बोल्टाने या सर्व विषयांत परीक्षा घेतली आणि त्याला सरळ नापास केले. ती हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे. हकीकतीच्या शेवटी तुमच्या शिक्षकांकडे एक मागणीही करणार आहे.

आमचे घर कोकणात, समुद्रापासून फार तर दोन किलोमीटरांवर. मोटार जुनी. तिच्या मागच्या चाकाचा शॉकॲब्सॉर्बर तेल गळून निकामी झाला होता. खड्ड्यातून गेली की गाडी बराच वेळ वरखाली डोलत राही. स्प्रिंगचे दोलन लवकर थांबवणे हेच शॉकॲब्सॉर्बरचे काम, आणि तेच होत नव्हते. नवा शॉकॲब्सॉर्बर मी विकत आणला. जुना काढायचा म्हणजे वरची जोडणी सोडवायची आणि खालच्या टोकाचा एक आडवा बोल्ट काढायचा. पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला एवढे जमू नये? मी गाडी जॅकवर उचलली, चाक काढले आणि पाना लावला.

नट हलेना. अंगातला सगळा जोर लावला तरी हलेना. मग मला माझा धडा आठवला. बल तेवढेच ठेवून अंतर दुप्पट केले की परिबल दुप्पट होते! पान्याची दांडी होती ३० सेंटिमीटर. तिच्यावर मी लोखंडी नळी चढवली आणि लांबी ६० सेंटिमीटर केली. २० किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे २०० न्यूटन जोर लावला तर आधी ६० न्यूटन-मीटर मिळत होते, ते आता १२० झाले. नट फिरू लागला. सुरुवातीला घट्ट फिरला, मग एकाएकी अगदी लोण्यासारखा. मी खूश झालो. पुढच्याच क्षणी 'टक्क' असा आवाज झाला, बोल्टाचे टोक नटासकट तुटून पडले, माझा हात पत्र्यावर आपटला आणि बोटांची सालपटे निघाली.

पण खरी गोष्ट ती नव्हे. माझी नववीतली मुलगी बॅटरी धरून शेजारी बसली होती. ती ओरडली, "बाबा, बाहेर या! गाडी हलतेय!"

नळीवर आडवा जोर लावताना माझे डोके आणि खांदा गाडीखाली होता आणि गाडी एकट्या जॅकवर उभी होती. बोल्ट तुटला तेव्हा गाडीला हिसका बसला आणि जॅक तिरका झाला. तो पडला नाही, म्हणून मी हा लेख लिहू शकतो आहे. अरुंद तळावर उंच ठेवलेले वजन हे अस्थिर समतोलाचे उदाहरण म्हणून मी दर वर्षी देतो. त्या दिवशी मी ते उदाहरण स्वतःच्या डोक्यावर टांगले होते.

असो. नट तर गेला, आता बोल्ट बाहेर ठोकून काढू, असे मी ठरवले. गाडी नीट टेकवून घेतली आणि हातोडा घेतला. बोल्ट तसूभरही सरकेना. त्याच्या डोक्याला पाना लावून फिरवला तर थोडा फिरे आणि सोडला की स्प्रिंगसारखा परत जागेवर येई. तासभर हे चालले. शेवटी दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना घरी बोलावून आणले.

त्यांनी आधी गाडीखाली लोखंडी घोडी लावली, पुढच्या चाकांना उटी लावली, मग खाली वाकून पाहिले. बोल्टाला एकदा पाना लावून सोडून दिला. मग मला विचारले, "सर, हा शॉकॲब्सॉर्बर टाकायचाच आहे ना?"

"हो, नवा आणलाय."

"मग बोल्ट सोडवताय कशाला? कापा की."

पत्रा कापायच्या करवतीचे पाते त्यांनी बोल्टाच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून घातले आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम संपवले. शॉकॲब्सॉर्बर आत अडकलेल्या बोल्टाच्या तुकड्यासकट निघून आला.

मित्रहो, मला जी चूक सांगायची आहे ती ही. बोल्ट सोडवायचा कसा, हा प्रश्न मी सोडवत बसलो होतो. मला सोडवायचा होता तो प्रश्न निराळाच होता. शिवाय बोल्ट कशाने धरला आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. मी फक्त जोर वाढवत गेलो.

आता तो बोल्ट कशाने धरला होता ते पाहू.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो, हे तुम्ही सातवी-आठवीतच शिकता. गंज म्हणजे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढीच फट असते. त्या बंद फटीत फुगणारा गंज ठासून भरला की पाचर मारल्यासारखी अवस्था होते. समुद्रकाठी हे लवकर घडते, कारण खाऱ्या हवेतले मीठ ओलावा ओढून घेते आणि त्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून ते दाखवले. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोहोचतो आणि मध्यभागी कमी. झिजते ते मधले, ऑक्सिजन न मिळणारे लोखंड! बंद फटीतला बोल्ट बाहेरून बरा दिसतो आणि आतून खाल्ला जातो, तो याच न्यायाने.

म्हणून 'घर्षण बरोबर घर्षणांक गुणिले लंबबल' हे आपले सूत्र इथे अपुरे पडते. नट बोल्टाला ओढून धरत नसला तरी तो जाम असू शकतो, कारण मधल्या गंजाने दोघांना सांधलेले असते.

माझ्या बोल्टाला आणखी एक भानगड होती. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या डोळ्यात रबराचा बुश असतो आणि त्या रबराच्या आत पोलादी नळी. बोल्ट त्या नळीतून जातो. माझा बोल्ट नळीशी गंजून एकजीव झाला होता. मी बोल्ट फिरवला की नळीही फिरे, रबराला पीळ बसे, आणि सोडले की रबर सगळे परत फिरवी. 'स्प्रिंगसारखा परत येतो' हे माझ्या हाताला कळत होते, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. मिस्त्रींनी पाना एकदाच लावला आणि त्यांना तो अर्थ कळला.

तीच गोष्ट त्या 'लोण्यासारख्या' फिरण्याची. जाम नट खरोखर सुटू लागतो तेव्हा तो करकरतो, अडतो, पुन्हा चालतो. एकाएकी मऊ लागला तर नट सुटत नसतो, बोल्टाचा दांडा पिळला जात असतो. तिथेच थांबायला हवे होते. गोल दांड्याची पिळाला तोंड देण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १२ मिलिमीटरचा दांडा गंजून १० मिलिमीटर उरला तर व्यास फक्त सहाव्या हिश्शाने कमी होतो, पण ताकद (१०/१२)³, म्हणजे ५८ टक्केच उरते. पान्याची लांबी दुप्पट करताना मी बोल्टाकडे उरलेल्या ताकदीचा हिशेब केला नव्हता. तरफेचा धडा अर्धाच वापरला तर तो असा अंगाशी येतो.

मग असा बोल्ट सोडवायचा असेल तेव्हा काय करतात? गॅरेजमध्ये तीन उपाय चालतात. तिन्ही तुमच्या पाठ्यपुस्तकातले आहेत.

पहिला उपाय तेलाचा. पातळ तेल केशाकर्षणाने आट्यांच्या फटीत शिरते. बारीक नळीत आडवे शिरणारे द्रव किती खोल जाते ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हा नियम एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडला. म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. गंजाने भरलेली फट काही सरळ नळी नसते, पण घाई उपयोगाची नाही हे त्यावरून कळते. मिस्त्री तेल सोडून रात्रभर वाट पाहतात. मी त्यांना हा नियम सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे घाई केली की काम वाढतं, एवढंच ना?" एवढेच!

दुसरा उपाय हातोड्याचा. एक किलोचा हातोडा सेकंदाला ४ मीटर वेगाने आला आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी बल ४००० न्यूटन होते. हे सुमारे ४०० किलो वजनाएवढे झाले! गंज ठिसूळ असतो, पोलाद चिवट असते. म्हणून बोल्टाच्या डोक्यावर मारलेल्या चार नेमक्या ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि पोलादाचे काही बिघडत नाही. मी मात्र बोल्टाच्या मोकळ्या टोकावर ठोकत बसलो आणि ते टोकच चेपून फुगवले. मग तो छिद्रातून बाहेर येणार कसा?

तिसरा उपाय उष्णतेचा. इथे एक प्रश्न विचारतो, उत्तर आधी मनात ठरवा. नट तापवला तर त्याचे छिद्र मोठे होईल की लहान? पुष्कळ विद्यार्थी 'लहान' म्हणतात. छिद्र मोठेच होते, जणू ते छिद्र पोलादाने भरलेले असते आणि तेही फुगते. पोलादाचा प्रसरणांक अंशाला ०·००००१२. म्हणून १२ मिलिमीटरचे छिद्र २०० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ०·०३ मिलिमीटर वाढते. एवढीशी वाढही गंजाची पकड मोडायला पुरते. मात्र तापवायचा तो नट. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही फुगतील आणि फायदा थोडाच होईल. माझ्या बाबतीत हा उपाय मुळीच चालण्यासारखा नव्हता, कारण शेजारी रबर, शॉकॲब्सॉर्बरमधले तेल आणि ब्रेकची नळी होती. तिथे ज्योत लावणे म्हणजे आगीला आणि स्फोटाला आमंत्रण. उपाय ठाऊक असणे आणि तो कुठे वापरू नये हे ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

यांशिवाय एक छोटी युक्ती आहे. नट थोडा हलला की तो एकाच दिशेने रेटायचा नाही. अर्धा फेरा सोडवायचा, पाव फेरा परत आवळायचा, तेलाचा थेंब टाकायचा, पुन्हा सोडवायचा. आट्यांतला भुगा असा बाहेर पडतो. नाही तर तोच भुगा पुढे साचून नट पुन्हा जाम होतो.

आता माझे मत सांगतो. ते काही शिक्षक बंधुभगिनींना कदाचित आवडणार नाही.

मी नापास झालो यात नवल नव्हते, कारण मला कधी कोणी गंजलेली वस्तू हाती दिलीच नाही. शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मला जे मिळाले ते सगळे घासूनपुसून ठेवलेले. दोलकाचा प्रयोग करायच्या आधीच उत्तर ९·८ येणार हे ठाऊक असायचे. उत्तर ९·२ आले तर आम्ही काय करत होतो? दोऱ्याची लांबी पुन्हा मोजत होतो का? छे! ९·८ पासून उलटे गणित करून निरीक्षणे भरत होतो. आज माझे विद्यार्थी तेच करतात आणि वही तपासताना मलाही ते कळते. अशा वहीत पूर्ण गुण मिळतात, पण आपण निसर्गाला प्रश्न विचारलेलाच नसतो. गंजलेल्या बोल्टाचे उत्तर मात्र कोणत्याही पुस्तकामागे छापलेले नसते. त्याला उलटे गणित चालत नाही.

कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम आहे, आयटीआयचे काम आहे. दहावीला चांगले गुण मिळवू पाहणाऱ्या मुलाला याचे काय? मला हा विचारच घातक वाटतो. मिस्त्रींनी पाना एकदा लावून सोडला, हाताला काय जाणवते ते पाहिले, त्यावरून आत काय असेल याचा तर्क केला आणि मग उपाय निवडला. निरीक्षण, तर्क, पडताळा ही पद्धत आपण ज्याला विज्ञान म्हणतो तीच. त्या सकाळी आमच्या अंगणात वैज्ञानिक एकच होता, आणि तो मी नव्हतो. उलट बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. तेलाला रात्रभर वेळ का लागतो आणि दांडा जरासा झिजला की एवढा कमजोर का होतो, हे 'का' माझ्याकडे होते. त्यांच्याकडे 'केव्हा' आणि 'किती' होते. ही दोन अर्धी ज्ञाने एकाच मुलाच्या हातात आणि डोक्यात येतील तर किती बरे होईल!

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. आठवी किंवा नववीच्या वर्गात वर्षातून एकदा गंजलेल्या बोल्टाचा प्रयोग करा. एकाच मापाचे आठ नट-बोल्ट घ्या, सारखेच आवळा आणि तीन-चार आठवडे आलटून पालटून मिठाच्या पाण्यात व उन्हात ठेवा. मग दोन-दोनांचे चार गट करा. पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्याला तास-दोन तास तेल द्या. तिसऱ्याला दोन दिवस तेल द्या. चौथ्याला तेल न देता फक्त हातोडीचे मोजके ठोके द्या. बोल्ट वाइसमध्ये पकडा. पान्याच्या दांडीवर मध्यापासून २५ सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथे रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा ताणकाटा अडकवून काटकोनात ओढा. नट सुटतो त्या क्षणी काटा किती दाखवतो ते लिहा. समजा १६ किलो दाखवले, तर १६ × ९·८ × ०·२५ म्हणजे सुमारे ३९ न्यूटन-मीटर. ज्योत शाळेत नको. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ओढणाऱ्याच्या मागे कोणी उभे राहू नये. एखादा बोल्ट तुटला तर त्याला शून्य गुण देऊ नका. तो कुठे तुटला आणि तुटण्याआधी हाताला काय जाणवले, हे लिहिणाऱ्याला सर्वांत अधिक गुण द्या.

एका गटाचे उत्तर दुसऱ्याशी जुळणार नाही. का जुळले नाही यावर वर्गात वाद होईल. तो वाद हाच या प्रयोगाचा निष्कर्ष समजा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक अट. हा लेख वाचून कोणीही एकट्याने गाडीखाली शिरायचे नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सपाट जमीन, चाकांना उटी, गाडीखाली भक्कम घोडी आणि शेजारी जाणते मोठे माणूस, यांतले एक जरी नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. बोल्ट कुठे पळून जात नाही.

नवा बोल्ट बसवताना मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावरचा आकडा मला दाखवला, ८·८. पहिला ८ सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसल्यावर तुटते. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर ते कायमचे वाकू लागते. अशा जागी दुकानातला कोणताही बोल्ट चालत नाही. मग त्यांनी नळीत जाणाऱ्या दांड्याला ग्रीस चोपडले, गाडी चाकांवर उतरवली आणि तेव्हाच नट शेवटचा आवळला. आधीच का आवळला नाही, हे यावेळी मी लगेच विचारले. गाडी अधांतरी असताना आवळला तर खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ राहतो, असे त्यांनी सांगितले.

तो जुना, कापलेला बोल्ट मी फेकला नाही. आमच्या प्रयोगशाळेत दोलकाच्या शेजारी ठेवला आहे. नव्या वर्गाला मी तो हातात देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "हा कशाने धरला असेल?" पाना मी नंतर देतो.